अवकाशासाठी लो-नॉइज रेग्युलेटर बनवणारी कंपनी: सुरुवात कोठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही चौघे मोबाइल फोनच्या पॉवर मॅनेजमेंट चिपवर काही वर्षे काम केलेले अ‍ॅनालॉग डिझायनर आहात आणि उपग्रहांसाठी अत्यंत कमी नॉइजचा (व्होल्टेजमधल्या नकोशा सूक्ष्म चढउतारांचा) लिनिअर रेग्युलेटर, म्हणजे पुरवठ्याचे व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप, अर्थात एलडीओ, बनवणारी कंपनी काढण्याचा तुमचा विचार आहे. १८० नॅनोमीटर चिपनिर्मिती प्रक्रियेवरच्या तुमच्या सिम्युलेशनमध्ये १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ या पट्ट्यातला एकूण नॉइज १ मायक्रोव्होल्ट आरएमएस (परिणामी मूल्य) दिसतो. एवढ्या बळावर बाजारात उतरता येईल का, किरणोत्सर्गाच्या चाचण्या भारतात कोठे करता येतील, आणि इस्रोच्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या ‘पोएम’ या कक्षेतल्या प्रयोगमंचावर चिप एकदा कक्षेत चालवून दाखवली तर ग्राहकांचा विश्वास बसेल का, हे तीन मुद्दे तुम्ही विचारले आहेत.

तिन्हींची उत्तरे देतो. पण अ‍ॅनालॉग पॉवर सर्किटे आणि त्यांच्या किरणोत्सर्ग चाचण्या यांत बराच काळ घालवलेला माणूस म्हणून आधी प्रश्नाची मांडणीच थोडी बदलावी असे मला वाटते. १ मायक्रोव्होल्ट हा आकडा आज कौतुकाचा असला तरी दुर्मीळ राहिलेला नाही. लिनिअर टेक्नॉलॉजीने २०१५ साली आणलेल्या एलटी३०४२ या रेग्युलेटरचा नॉइज याच पट्ट्यात ०.८ मायक्रोव्होल्ट होता. तो भाग जमिनीवरच्या उपकरणांसाठी होता, हे खरे. परंतु खास अवकाशासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीएस७एच११११-एसपी हा १.५ अँपिअरचा भाग उपलब्ध आहे, त्याचा नॉइज सुमारे १.७ मायक्रोव्होल्ट आहे आणि तो किरणोत्सर्गाच्या १०० किलोरॅड (रॅड हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) मात्रेपर्यंत तपासलेला आहे. म्हणून ‘आमचा नॉइज किती कमी’ या प्रश्नाने तुमचे भवितव्य ठरणार नाही. ते ठरेल ते पुढच्या प्रश्नाने: पूर्ण मात्रा शोषून झाल्यावर हा नॉइज किती उरतो, चिपमधून एखादा जड आयन, म्हणजे अवकाशातला वेगवान विद्युतभारित अणू, आरपार गेला तर आउटपुट किती हलते आणि किती वेळ हलते, आणि या दोन्ही गोष्टी तुम्ही एका अनोळखी उपग्रह अभियंत्यापुढे कोणत्या कागदपत्रांनी सिद्ध करता.

यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगितलेले बरे. ५०० ते ६०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत पाच वर्षे राहणाऱ्या उपग्रहात, काही मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या आड, एकूण आयनीकारक मात्रा साधारणतः काही किलोरॅडपासून वीसेक किलोरॅडपर्यंत जाते. भूस्थिर कक्षेतल्या पंधरा वर्षांच्या दळणवळण उपग्रहासाठी ग्राहक सुरक्षिततेची जागा धरून १०० किलोरॅड मागतात. म्हणजे मात्रेच्या बाबतीत हे दोन बाजार अगदी वेगळे आहेत. जड आयनांच्या बाबतीत मात्र तितकी सूट मिळत नाही, कारण आकाशगंगेतून येणारे उच्च ऊर्जेचे आयन ॲल्युमिनियमच्या भिंतीला जुमानत नाहीत. कमी उंचीच्या कक्षेतल्या ग्राहकाने मात्रेची अट सैल केली तरी लॅचअप (आयनाच्या आघाताने चिपमध्ये शॉर्टसारखा प्रवाहमार्ग उघडून तसाच राहणे) होऊ नये ही अट तो सैल करणार नाही, आणि करतो म्हणाला तर त्याच्या पॉवर बोर्डावर लॅचअप पकडून पुरवठा तोडणारे सर्किट आहे की नाही, हे तुम्ही विचारून घ्या.

आता नॉइजकडे येऊ. उपग्रहात रेग्युलेटरचा नॉइज कोणाला बोचतो? डिजिटल प्रोसेसरला फारसा नाही. तो बोचतो ठरावीक वारंवारता निर्माण करणाऱ्या फ्रिक्वेन्सी सिंथेसायझरला, वेगवान एडीसीच्या (संकेताचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपच्या) क्लॉकला आणि इमेज सेन्सरच्या वाचन साखळीला. एक हिशेब मांडतो. समजा, पुरवठा एका व्होल्टने हलला तर तुमच्या ग्राहकाच्या व्हीसीओची (सिंथेसायझरमधल्या, व्होल्टेजने नियंत्रित होणाऱ्या दोलकाची) वारंवारता ५ मेगाहर्ट्झने सरकते. सिंथेसायझरच्या नियंत्रण लूपच्या बँडविड्थबाहेर, १० किलोहर्ट्झ अंतरावर, रेग्युलेटरचा नॉइज २० नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ असेल, तर एकट्या पुरवठ्यामुळे येणारा फेज नॉइज (दोलकाच्या संकेतातला अस्थिरपणा) सुमारे उणे १०३ डीबीसी (मुख्य संकेताच्या तुलनेत डेसिबल) प्रति हर्ट्झ होतो. तोच नॉइज २ नॅनोव्होल्ट असेल तर तो उणे १२३ वर जातो. हा वीस डेसिबलचा फायदा खरा आहे. मात्र व्हीसीओचा स्वतःचा फेज नॉइज उणे ११० असेल तर त्यातला बराचसा भाग ग्राहकाच्या हाती लागतच नाही. म्हणून ‘सर्वांत कमी नॉइज’ असे घोषवाक्य घेऊन फिरण्याऐवजी ग्राहकाच्या साखळीतला सर्वांत नाजूक घटक कोणता, हे विचारून त्याला पुरेल एवढा नॉइज ठरवा. वाचलेली मोकळीक किरणोत्सर्गासाठी लागणार आहे.

त्याच ग्राहकाला बहुधा नॉइजपेक्षा पीएसआरआर (इनपुटमधले चढउतार आउटपुटवर येऊ न देण्याची क्षमता) अधिक भेडसावत असतो. उपग्रहातला एलडीओ जवळजवळ नेहमी एखाद्या स्विचिंग कन्व्हर्टरच्या मागे बसतो. कन्व्हर्टरचा रिपल (आउटपुटवरचा नियमित तरंग) ५०० किलोहर्ट्झला २० मिलिव्होल्ट असेल आणि सिंथेसायझरला १० मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त चालत नसेल, तर त्या वारंवारतेला ६६ डेसिबल दाबणूक हवी. १०० हर्ट्झला ११० डेसिबल दाखवणारा आलेख डेटाशीटच्या पहिल्या पानावर शोभून दिसतो, पण ग्राहकाचे काम त्या आलेखाच्या उजव्या टोकाला अडते. तेथे आउटपुट आणि संदर्भ यांतला फरक ओळखून तो मिटवणाऱ्या एरर अ‍ॅम्प्लिफायरची बँडविड्थ, प्रवाह पुढे सोडणाऱ्या पास ट्रान्झिस्टरची कपॅसिटन्स आणि बोर्डावरचे वायरिंग या तिन्हींचा संबंध येतो. मोबाइलच्या चिपमधला तुमचा अनुभव येथे सर्वाधिक उपयोगी पडेल.

खरी अडचण पुढे आहे: कमी नॉइज आणि किरणोत्सर्ग सहन करण्याची क्षमता या दोन गोष्टी सर्किटमध्ये अनेक ठिकाणी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, आणि मोबाइलच्या चिपमध्ये हा ताण कधीच अनुभवाला येत नाही. आयनीकारक मात्रेमुळे ऑक्साइडमध्ये धन प्रभार अडकतो आणि सिलिकॉनच्या सीमेवर दोष तयार होतात. त्यामुळे थ्रेशोल्ड व्होल्टेज (ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो ते) सरकते हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच अडकलेल्या प्रभारामुळे एमओएस ट्रान्झिस्टरचा कमी वारंवारतेचा १/एफ नॉइजही वाढतो, हे पुष्कळ जण विसरतात. तुमचा १ मायक्रोव्होल्टचा हिशेब फाउंड्रीने (चिप घडवणाऱ्या कारखान्याने) दिलेल्या मॉडेलवर बेतलेला आहे, आणि ती मॉडेल कोऱ्या, न किरणित ट्रान्झिस्टरची असतात. १/एफ नॉइज कमी व्हावा म्हणून तुम्ही इनपुट जोडीचे ट्रान्झिस्टर मोठे केले असतील. गळती थांबवण्यासाठी त्यांना बंदिस्त वलयाकार रचना द्यायला गेलात की रुंदी-लांबीच्या गुणोत्तरावर बंधने येतात, मॉडेल जुळत नाहीत आणि क्षेत्रफळ आणखी वाढते. पातळ गेट ऑक्साइडच्या ट्रान्झिस्टरना मात्रेचा त्रास कमी होतो, ही १८० नॅनोमीटरची मोठी जमेची बाजू आहे. पण ५ व्होल्ट सोसणाऱ्या ट्रान्झिस्टरचे ऑक्साइड जाड असते, आणि एलडीओमध्ये नेमके तेच ट्रान्झिस्टर मोक्याच्या जागी बसलेले असतात.

दुसरा ताण संदर्भ व्होल्टेजच्या (ज्याच्याशी आउटपुट जुळवले जाते त्या व्होल्टेजच्या) पिनवर आहे. आजचे सर्वांत शांत रेग्युलेटर बहुधा एकाच पद्धतीने बांधलेले असतात: एक अचूक प्रवाहस्रोत बाहेरच्या रोधकातून प्रवाह सोडतो, त्या रोधकाला समांतर मोठा कॅपॅसिटर बसतो आणि पुढे युनिटी गेनचा (व्होल्टेज आहे तेवढेच पुढे देणारा) बफर असतो. आउटपुट व्होल्टेज कितीही ठेवले तरी नॉइज त्या प्रमाणात वाढत नाही, हा या रचनेचा मोठा गुण आहे आणि मीही हीच रचना निवडेन. पण तिची किंमत समजून घ्या. १०० मायक्रोअँपिअरचा स्रोत, ३३ किलोओमचा रोधक आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घेतले तर ३.३ व्होल्ट मिळतात, पण त्या जोडीचा कालांक (व्होल्टेज चढण्या-उतरण्याच्या वेगाचे माप) १५५ मिलिसेकंद होतो. किरणोत्सर्गानंतर त्या पिनवर १०० नॅनोअँपिअर गळती आली तर आउटपुटमध्ये थेट ०.१ टक्का त्रुटी येते. सुरू होण्यास लागणारा वेळ कमी व्हावा म्हणून तुम्ही कॅपॅसिटर झपाट्याने भरणारे, समजा २ मिलिअँपिअरचे, सर्किट जोडले असेल. ते सर्किट आयनाच्या आघाताने चुकून १० मायक्रोसेकंद चालू झाले तर संदर्भ सुमारे ४ मिलिव्होल्टने चढेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण त्याचे नियंत्रण एखाद्या लॅचवर (अवस्था लक्षात ठेवणाऱ्या घटकावर) असेल आणि ते १ मिलिसेकंद चालू राहिले, तर संदर्भ ०.४ व्होल्टपेक्षा जास्त चढेल, आणि कालांक मोठा असल्यामुळे तो उतरायलाही शेकडो मिलिसेकंद लागतील. १.८ व्होल्टच्या रेलवर (पुरवठ्याच्या वाहिनीवर) याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. माझ्या मते या सर्किटमध्ये स्मृती ठेवणारा कोणताही घटक नसावा. आउटपुट आणि संदर्भ यांची सतत तुलना करून, अंतर मिटले की आपोआप बंद होईल अशीच त्याची रचना हवी.

तिसरी जागा एरर अ‍ॅम्प्लिफायर. तेथे आयन पडला तर पास ट्रान्झिस्टर क्षणभर पूर्ण उघडतो. १ अँपिअर जादा प्रवाह २ मायक्रोसेकंद वाहिला आणि आउटपुटवर १० मायक्रोफॅरड असतील, तर व्होल्टेज ०.२ व्होल्टने उसळते. पुढे १ व्होल्टवर चालणारा एफपीजीएचा (हवा तसा जुळवता येणाऱ्या डिजिटल चिपचा) गाभा असेल तर हा वीस टक्क्यांचा धक्का झाला. शिवाय लिनिअर रेग्युलेटर प्रवाह देऊ शकतो, ओढून घेऊ शकत नाही; लोड फक्त १० मिलिअँपिअरचा असेल तर चढलेले व्होल्टेज उतरायला २०० मायक्रोसेकंद लागतात. अशा क्षणिक धक्क्यांचे परिणाम कागदापुरते नाहीत. नासाचे मॅप हे यान, ज्याला पुढे डब्ल्यूमॅप हे नाव मिळाले, नोव्हेंबर २००१ मध्ये अचानक रीसेट होऊन सुरक्षित अवस्थेत गेले होते. त्याचे कारण रीसेट सर्किटमधल्या एका साध्या व्होल्टेज कम्पॅरेटरमध्ये जड आयनाने निर्माण केलेला क्षणिक स्पंद असल्याचे तपासात मानले गेले. कम्पॅरेटर जळला नव्हता, बिघडलाही नव्हता. त्याच्या आउटपुटवरचा एक स्पंद पुढच्या सर्किटने खरा मानला, एवढेच झाले.

म्हणून तुमच्या डेटाशीटमध्ये नॉइजच्या आकड्याशेजारी आणखी दोन गोष्टी छापल्या जाव्यात असा माझा आग्रह आहे: पूर्ण मात्रेनंतरचा नॉइजचा आलेख, आणि जड आयनांखाली आउटपुटवर दिसलेल्या सर्व धक्क्यांची उंची व कालावधी दाखवणारा ठिपक्यांचा आलेख, तोही कोणत्या कॅपॅसिटरसह आणि कोणत्या लोडवर काढला याच्या उल्लेखासह.

कॅपॅसिटरचा विषय निघालाच आहे, तर तो नीट सांगतो, कारण जमिनीवरच्या बाजारातून आलेले डिझायनर येथे हमखास अडखळतात. आधुनिक लो-नॉइज एलडीओ सिरॅमिक कॅपॅसिटर गृहीत धरून स्थिर केलेले असतात, म्हणजे ईएसआर (कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध) काही मिलिओम. अवकाशातल्या बोर्डांवर मात्र टँटलम कॅपॅसिटरची दीर्घ परंपरा आहे, आणि त्यांचा ईएसआर दहा-वीस मिलिओमपासून शेकडो मिलिओमपर्यंत काहीही असू शकतो. सिरॅमिक वापरले तरी डिरेटिंगच्या (भाग कमाल क्षमतेहून बराच खाली वापरण्याच्या) नियमांमुळे ते जास्त व्होल्टेजचे घ्यावे लागतात, आणि डीसी बायसखाली त्यांची कपॅसिटन्स घटते ती वेगळीच. तुमच्या रेग्युलेटरचा नियंत्रण लूप या संपूर्ण पट्ट्यात, उणे ५५ ते अधिक १२५ अंश सेल्सिअस तापमानात आणि मात्रा शोषून ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स (व्होल्टेजच्या बदलाला प्रवाहाचा प्रतिसाद) बदलल्यानंतरही स्थिर राहिला पाहिजे. हे साधण्यासाठी बँडविड्थ थोडी सोडावी लागली, म्हणजे वरच्या वारंवारतेचा पीएसआरआर काही डेसिबलने घटला, तरी मी ती किंमत देईन.

प्रक्रिया निवडताना माझा कल स्पष्टपणे सिलिकॉन-ऑन-इन्सुलेटरकडे आहे. प्रत्येक ट्रान्झिस्टर खाली पुरलेल्या ऑक्साइडने आणि बाजूच्या खोल खाचेने वेगळा केलेला असेल तर लॅचअप घडवणारा चार थरांचा मार्गच तयार होत नाही, आणि चाचणीतली सर्वांत मोठी धास्ती संपते. एक्स-फॅबची एक्सटी०१८ ही १८० नॅनोमीटरची प्रक्रिया या प्रकारची आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरची सीमॉस प्रक्रिया २०० मिलिमीटरच्या वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) चालते, आणि तेथे घडलेले विक्रम मालिकेतले प्रोसेसर इस्रोने वापरले आहेत. मार्च २०२५ मध्ये विक्रम ३२०१ आणि कल्पना ३२०१ यांच्याबरोबर तेथे बनलेली काही इतर उपकरणेही इस्रोकडे सुपूर्द झाली, आणि त्यांत अनेक आउटपुटचा एक एलडीओसुद्धा होता. हे तुम्ही दोन अर्थांनी लक्षात घ्या: देशात हे काम होऊ शकते, आणि प्रक्षेपक यानांच्या सर्वसाधारण गरजेचा एलडीओ बनवण्यात तुम्ही पहिले नसाल. साध्या बल्क (पुरलेले ऑक्साइड नसलेल्या) सीमॉसवर जायचे ठरवले तर गार्ड रिंग, पुरेसे वेल संपर्क आणि एन व पी ट्रान्झिस्टरमधले वाढीव अंतर यांना पर्याय नाही, आणि जड आयनांची चाचणी उच्च तापमानात आणि कमाल इनपुट व्होल्टेजवर करावी लागेल, कारण लॅचअपची शक्यता तेथेच सर्वाधिक असते.

बायपोलर ट्रान्झिस्टरचा १/एफ नॉइज कमी असतो म्हणून बायसीमॉसचा (बायपोलर आणि सीमॉस एकाच चिपवर देणाऱ्या प्रक्रियेचा) मोह होईल. तो मोह समजण्यासारखा आहे. पण १९९१ मध्ये प्रथम नोंदवला गेलेला एक परिणाम तुम्हाला आडवा येईल: काही बायपोलर सर्किटे, विशेषतः आडव्या रचनेचे पीएनपी ट्रान्झिस्टर असलेली, तीच मात्रा हळूहळू मिळाली तर अधिक बिघडतात. अवकाशात मात्रा हळूहळूच मिळते. म्हणून अशा भागांची चाचणी सेकंदाला १० मिलिरॅड किंवा त्याहून मंद दराने करावी लागते. सेकंदाला ५० रॅडच्या दराने १०० किलोरॅड अर्ध्या तासात पूर्ण होतात. १० मिलिरॅडने त्यालाच सुमारे ११६ दिवस लागतात. नव्या कंपनीच्या वेळापत्रकात आणि खिशात या चार महिन्यांची जागा आधीच ठेवावी लागते. सीमॉस प्रक्रियेतही बँडगॅपसाठी (संदर्भ व्होल्टेज देणाऱ्या सर्किटसाठी) परजीवी बायपोलर ट्रान्झिस्टर वापरलेला असतो, तेव्हा ‘आम्ही सीमॉस आहोत’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

चाचण्या कोठे कराव्यात, हा तुमचा दुसरा मुद्दा. एकूण मात्रेसाठी कोबाल्ट-६० चा गॅमा स्रोत लागतो. नवी मुंबईत वाशी येथे असलेले ब्रिट, म्हणजे विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान बोर्ड, गॅमा चेंबर बनवते आणि असे चेंबर देशातल्या अनेक संशोधन संस्थांत आहेत. मात्र तेथील मात्रादर, त्याची मोजणी आणि नमुन्याला मिळणाऱ्या मात्रेची समानता यांचा दाखला घ्या, कारण अन्नपदार्थ किंवा बियाणे किरणित करण्याची सोय आणि चालू अवस्थेतल्या चिपला ठरावीक दराने मात्रा देण्याची सोय यांत फरक असतो. जड आयनांसाठी नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात १५ यूडी पेलेट्रॉन हा कणत्वरक आहे, आणि मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र व टाटा संस्था यांचा संयुक्त पेलेट्रॉन आहे. पहिल्या चाळणीसाठी या सोयी फार मोलाच्या आहेत. मर्यादा अशी की या यंत्रांतल्या जड आयनांचा सिलिकॉनमधला पल्ला मोठ्या सायक्लोट्रॉनच्या मानाने कमी असतो. वर धातूचे जाड थर असलेल्या पॉवर चिपमध्ये आयन सक्रिय भागापर्यंत पुरेशा ऊर्जेनिशी पोहोचतो का, याचा हिशेब आधी करा. परदेशी ग्राहकांना दाखवायचा अंतिम अहवाल बहुधा टेक्सास ए अँड एम, बर्कली, बेल्जियमचे लुव्हाँ-ला-न्यूव्ह किंवा फिनलंडचे युवास्कुला यांपैकी एखाद्या ठिकाणी घ्यावा लागेल. तेथे वेळ महाग असतो आणि महिनोन्‌महिने आधी मागावा लागतो, म्हणून बोर्ड, सॉफ्टवेअर आणि ऑसिलोस्कोपचे ट्रिगर घरीच लेझरने किंवा कृत्रिम स्पंदांनी तालीम करून न्यावेत.

नॉइजचे मोजमाप हीसुद्धा चाचणीच आहे, आणि तिच्यात विश्वासार्हता मिळवणे वाटते तितके सोपे नाही. एका मायक्रोव्होल्टचा आकडा मोजणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज त्याहून बराच कमी हवा, आणि तो वर्गांच्या फरकाने वजा करून दाखवायला हवा. पुरवठा बॅटरीवरून द्या, बोर्ड पोलादी डब्यात ठेवा, ग्राउंड लूप (ग्राउंडच्या तारांचे बंद वळसे) तोडा. किरणित करण्याआधी आणि नंतर तेच नमुने, तोच बोर्ड, तेच कॅपॅसिटर आणि तेच तापमान ठेवा, आणि एक नमुना अजिबात न किरणित करता प्रत्येक वेळी सोबत मोजा. तो न किरणित नमुना स्थिर दिसला तरच बाकीच्यांतला बदल किरणोत्सर्गामुळे झाला असे म्हणता येते. नॉइज फक्त एका एकत्रित आकड्याने सांगू नका. १/एफ नॉइजमधली वाढ १० हर्ट्झच्या आसपास ठळक दिसते, आणि १०० किलोहर्ट्झपर्यंतच्या बेरजेत ती दबून जाते.

पॅकेज आणि दर्जा यांबाबत थोडक्यात. मोठ्या सरकारी मोहिमा सिरॅमिक पॅकेजमधले, अमेरिकी लष्करी मानकातल्या क्यूएमएल-व्ही या अवकाश दर्जाचे भाग मागतात. अलीकडे प्लास्टिकसाठी क्यूएमएल-पी हा दर्जाही आला आहे. पिक्सेल, ध्रुव स्पेस यांच्यासारख्या नव्या उपग्रह कंपन्यांच्या वर्गाला बहुधा वीस ते पन्नास किलोरॅडपर्यंत तपासलेले, लॅचअपमुक्त प्लास्टिक भाग पुरेसे वाटतात, कारण किमतीतला फरक फार मोठा असतो. तुम्ही सुरुवात प्लास्टिकने करावी, पण चिपचे पॅड असे ठेवावेत की तीच चिप पुढे सिरॅमिकमध्ये बसेल. पायांवर शुद्ध कथलाचा मुलामा चालत नाही, कारण त्यातून धातूचे सूक्ष्म केस वाढून शॉर्ट होतात. आणि अवकाशाच्या निर्वातात हवा नसल्यामुळे चिपची उष्णता मुख्यतः वहनानेच बाहेर जाते: ३.३ व्होल्टवरून १.८ व्होल्ट १ अँपिअरला काढले तर दीड वॅट उष्णता पॅकेजच्या तळातूनच बोर्डात उतरली पाहिजे, म्हणून तळाचा पॅड हा सोयीचा नसून अत्यावश्यक भाग आहे. निर्यातीचा विचार असेल तर एक सीमा लक्षात ठेवा. वासेनार व्यवस्थेच्या, म्हणजे शस्त्रे व दुहेरी वापराचे तंत्रज्ञान यांच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाच्या, यादीत ५ हजार ग्रे, म्हणजे ५०० किलोरॅड किंवा त्याहून अधिक मात्रा सोसणाऱ्या चिप नियंत्रित आहेत, आणि भारत २०१७ पासून या व्यवस्थेचा सदस्य आहे. गरज नसताना तेवढा आकडा जाहीर करून स्वतःवर परवान्यांचे ओझे घेऊ नका.

पैशांबाबत तुम्ही स्पष्ट विचारले नाही, पण त्याशिवाय उत्तर अपुरे राहील. केंद्र सरकारची, चिप डिझाइन करणाऱ्या कंपन्यांसाठीची डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह योजना डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली आणि तिची मध्यवर्ती संस्था सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था आहे, जिचे मुख्यालय पुण्यात आहे. पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, एका अर्जाला कमाल १५ कोटी रुपये परताव्याच्या रूपात, आणि पुढे विक्रीवर पाच वर्षे ६ ते ४ टक्के प्रोत्साहन, कमाल ३० कोटी, अशी तिची मूळ रचना आहे. अर्जाची मुदत व अटी ताज्या सूचनेतून तपासा. परतावा म्हणजे खर्च आधी तुम्ही करायचा, हे गुंतवणूकदाराशी बोलताना विसरू नका. त्यापेक्षाही तातडीचा लाभ सी-डॅकच्या चिप-इन केंद्रामार्फत मिळणाऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरचा आहे, कारण चार जणांच्या कंपनीला ते परवाने स्वतः घेणे परवडत नाही. पहिला टेपआउट (पूर्ण झालेले डिझाइन निर्मितीला पाठवणे) अनेकांनी वाटून घेतलेल्या वेफरवर करा, आणि त्यात पूर्ण रेग्युलेटरबरोबर बँडगॅप, प्रवाहस्रोत, एरर अ‍ॅम्प्लिफायर आणि निरनिराळ्या रचनांचे सुटे ट्रान्झिस्टर वेगळे बाहेर काढा. मात्रेनंतर आउटपुट सरकले तर दोष कोणाचा हे सुट्या तुकड्यांशिवाय कळत नाही, आणि या माहितीवरच तुमचे स्वतःचे किरणित मॉडेल उभे राहते. माझ्या दृष्टीने पहिल्या फेरीची खरी मिळकत ते मॉडेल आहे, कारण फाउंड्री ते देत नाही आणि तुमच्या मागून येणाऱ्याला ते फुकट मिळत नाही.

पोएमविषयी. प्रक्षेपणानंतर पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेतच प्रयोगमंच म्हणून वापरायचा, ही इस्रोची कल्पना नव्या कंपन्यांसाठी खरोखर मोठी संधी आहे. डिसेंबर २०२४ मधल्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेतल्या पोएम-४ वर २४ प्रयोग होते, आणि खासगी अवकाश क्षेत्रासाठीच्या इन-स्पेस या सरकारी संस्थेमार्फत खासगी संस्थांना तेथे जागा मिळते. पण त्या मंचाची कक्षा सुमारे ३५० किलोमीटर उंचीची आणि आयुष्य अल्प असते, त्यामुळे मिळणारी मात्रा नगण्य आणि जड आयनाचा एखादा आघात नोंदला जाण्याची शक्यताही फार कमी. ‘अवकाशात काहीच बिघडले नाही’ हे वाक्य तेथून आणता येईल, परंतु अनुभवी भाग-अभियंता त्याला किरणोत्सर्गाचा पुरावा मानणार नाही, आणि त्याचे ते बरोबरच आहे. पोएममधून जे सिद्ध होते ते वेगळे आणि तरीही उपयोगी आहे: प्रक्षेपणाचे हादरे, निर्वातातली उष्णता, तापमानाची आवर्तने, आणि तुमची कंपनी ठरल्या तारखेला कागदपत्रांसह उड्डाणयोग्य हार्डवेअर देऊ शकते ही बाब. म्हणून क्रम असा ठेवा की गॅमा आणि जड आयन यांचे अहवाल आधी हाती असतील आणि पोएम त्यानंतर येईल.

शेवटी, पहिले उत्पादन कोणते घ्यावे याविषयी माझे मत. ३ अँपिअरच्या मोठ्या रेग्युलेटरकडे जाऊ नका. तेथे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, रेनेसास आणि एसटी यांचे भाग वर्षानुवर्षे बसलेले आहेत आणि उष्णतेचे प्रश्न तुमची शक्ती खाऊन टाकतील. २०० ते ५०० मिलिअँपिअरचा, सिंथेसायझर आणि एडीसी यांच्यासाठीचा, ३० ते ५० किलोरॅड मात्रेचा आणि लॅचअपमुक्त असा एकच भाग घ्या. टेपआउटच्या आधी एखाद्या रेडिओ किंवा कॅमेरा पेलोड बनवणाऱ्या गटाकडे जाऊन त्यांच्या बोर्डाचा पॉवर आराखडा मागा: कन्व्हर्टरची स्विचिंग वारंवारता, प्रत्येक रेलवर चालणारा कमाल धक्का मिलिव्होल्टमध्ये आणि मायक्रोसेकंदांत, आणि डिरेटिंगनंतर त्यांच्या मंजूर यादीतून प्रत्यक्ष बसवले जाणारे कॅपॅसिटर. हे तीन तपशील लेखी मिळाले की तुमच्या लूपची, संदर्भ पिनची आणि किरणपुंजातल्या चाचणीची अट त्यांच्यावरूनच लिहा, आणि चाचणीच्या बोर्डावर त्यांनी सांगितलेलाच कॅपॅसिटर लावा.